पाहुण्यांनी दाखविलेले आपले गाव

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी भुसावळहून आमचे धाकटे मेहुणे सहकुटुंब आले. बरोबर त्यांच्या सौभाग्यवती, दोन मुले आणि आमच्या सासूबाई. सकाळच्या गाडीने यायचे, धबधबा पाहायचा, जुने गाव पाहायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे, असा एका दिवसाचा साधा बेत. फराळाचा डबा त्यांचा, जेवण आमचे. एवढ्याशा सहलीवर पत्रकात लेख कशाला, असे कुणी विचारील. पण दिवसअखेर हिशेब मांडला तेव्हा आमच्या खात्यावर बरीच जुनी थकबाकी निघाली. बँकेच्या खिडकीत अर्धे आयुष्य गेलेल्या माणसाला थकबाकी लपविणे जमत नाही. शिवाय ती एकट्या आमच्या घराची नाही, अशी आमची खात्री आहे. म्हणून समाजबांधवांपुढे ती मांडीत आहोत.

लहानपणी आमच्यासाठी धबधबा म्हणजे पाताळपाणी. खंडव्याला उतरायचे, मीटरगेजच्या छोट्या गाडीत जागा धरायची आणि महूच्या अलीकडे घाट लागला की सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांवर. ती गाडी आता गेली. ओंकारेश्वर रोड ते महू हा उरलेला तुकडाही २०२३ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाला. मात्र पाताळपाणी ते कालाकुंड या जेमतेम दहा किलोमीटरच्या घाटात २५ डिसेंबर २०१८ पासून खास पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी सुरू करण्यात आली. सांगायचा मुद्दा असा, की धबधबा पाहायला आम्ही इतक्या लांब जात राहिलो आणि घरापासून वीसेक किलोमीटरवरचा महाल गुलारा आम्ही भर पावसाळ्यात एकदाही पाहिला नव्हता. चार पिढ्या बऱ्हाणपुरात काढून! पाहुण्यांनी हट्ट धरला नसता तर याही वर्षी पाहिला नसता.

अमरावती रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना केळी, मधूनमधून कापूस. मुख्य रस्ता सोडून आत वळल्यावर चिखल लागला आणि सासूबाईंनी साडी वर खोचली. पुढे नदीचा आवाज आला. नदीचे नाव सरकारी कागदावर ‘उतावली’. आमची आजी मात्र ‘उतावळी’ म्हणायची, आणि पावसाळ्यात तिला पाहिले की आजीचेच नाव खरे वाटते. दोन्ही काठांवर समोरासमोर दोन महाल आणि मध्ये आडवा पक्का बंधारा. त्याच्यावरून पाण्याची पांढरी चादर सरळ खाली. शाहजहान राजपुत्र असताना दख्खनच्या मोहिमेवर बऱ्हाणपुरात राहिला, त्या काळातले हे काम समजले जाते. हा धबधबा डोंगराने दिलेला नाही, तो माणसाने बांधला आहे. पाणी अडविले, म्हणून ते पडताना दिसते. बंधारा नसता तर नदी गुपचूप निघून गेली असती आणि तिथे कुणी थांबलेही नसते.

मेहुण्यांच्या मुलाने आमच्या मुलीला विचारले, “ताई, हे कुणी बांधलं गं?” आमची कन्या अकरावीत शिकते. तिने खांदे उडविले आणि म्हणाली, “पता नहीं, कोई राजा ने बनवाया होगा।” भुसावळचा दहा वर्षांचा मुलगा मराठीत विचारतो आणि बऱ्हाणपूरची आमची मुलगी हिंदीत ‘माहीत नाही’ म्हणते. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या आमच्याकडे पाहिले. वाचकहो, त्या एका नजरेत व्याजासकट सगळी वसुली होती.

दुपारी घरी जेवणे झाली. मावा जिलेबी झाली, परतीसाठी दराब्याचे डबे बांधून झाले. मग जुन्या गावात निघालो. शनवारा दरवाजा, शाही किल्ला, किल्ल्यातला रंगीत छताचा हमाम. गच्चीवरून खाली तापी आणि पलीकडे झैनाबाद दिसत होते. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल याच गावात वारली आणि आग्र्याला नेईपर्यंत तिचा देह पलीकडच्या आहुखान्यात होता, एवढे आम्हाला सांगता आले. मुलाला मात्र वेगळेच पाहायचे होते. “मामा, ते पिक्चरमधलं बऱ्हाणपूर कुठंय?”

‘छावा’ चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला आणि आपल्या गावाचे नाव महाराष्ट्रातल्या पोरासोरांच्या तोंडी झाले. इकडे त्याचा परिणाम काय झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. मार्च महिन्यात असीरगडच्या आसपास रात्री बॅटऱ्या घेऊन लोक शेते उकरीत होते, मोगलांच्या मोहरा सापडतील म्हणून. वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून देशभर हसे झाले. त्या पोराला काय सांगावे? आम्ही खरे ते सांगितले. १६८१ च्या जानेवारीअखेर संभाजी महाराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांसह येथे धडक दिली, आणि बहादूरपुरा व इतर पुरे लुटले गेले. औरंगजेबाला हादरा देणारी ती स्वारी होती, याचा अभिमान आम्हालाही आहे. पण ज्यांची दुकाने त्या तीन दिवसांत साफ झाली, ते याच गावचे व्यापारी होते आणि आज आम्हीही याच गावचे आहोत. दोन्ही गोष्टी एका मुलाला एका वाक्यात सांगाव्या लागतात. सांगणारा घरचा असेल तरच त्या नीट सांगता येतात. नाहीतर एक बाजू पिक्चर सांगतो आणि दुसरी बाजू कुणीच सांगत नाही.

आणि हे एवढ्यावर संपत नाही. पुरंदरच्या तहात महाराजांसमोर बसलेले मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपुरातच वारले. त्यांची छत्री बोहरड्याला तापीकाठी उभी आहे. १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला, त्याच्या तहात बऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले. पुढे हा मुलूख शिंद्यांकडे राहिला. दुसरे बाजीराव ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाले ते असीरगडाच्याच परिसरात, धूळकोटाजवळ. म्हणजे पुरंदरपासून पेशवाईच्या अखेरपर्यंत मराठ्यांच्या इतिहासाचे पान उलटले की मध्ये कुठेतरी आपले गाव लागते. त्या दिवशी आम्ही जे जे माहितीफलक वाचले, त्यांवर फारुकी होते, मोगल होते, आणि ते असायलाच हवेत, कारण गाव त्यांनी वसविले आणि वाढविले. मराठ्यांबद्दल मात्र एक ओळ दिसली नाही, आणि मराठीत तर एक अक्षरही नाही.

कुणी म्हणेल, हिंदी आपल्याला वाचता येते, लिपीही एकच, मग तक्रार कसली? याचे उत्तर आम्हाला जामा मशिदीत मिळाले. राजा अली खान फारुकीने ती बांधविली. आत भिंतीवर अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेख आहे, नागरी अक्षरांत, १५९० च्या सुमाराचा. दरबार फारसी, धर्म वेगळा, तरी त्या राजाला रयतेच्या भाषेसाठी नाही तरी रयतेच्या देवळातल्या भाषेसाठी भिंतीवर जागा सापडली. सव्वाचारशे वर्षांपूर्वी दगडावर जागा होती, आज पत्र्याच्या फलकावर नाही? हिंदी काढून मराठी लावा, असे आम्ही म्हणत नाही. खाली दोन ओळी वाढवा, एवढेच म्हणतो. येणारा प्रवासी बहुतांशी भुसावळ, जळगाव, रावेर, मुक्ताईनगर, अकोल्याकडचा असतो. इच्छापूरला इच्छादेवीच्या यात्रेला कोणत्या भाषेतले नवस ऐकू येतात, ते सर्वांना माहीत आहे.

आता गाडीविषयी. १८७० साली मुंबई-कोलकाता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला तो आपल्या लालबागवरून. आजही आपले स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे. भोपाळ तीनशे किलोमीटरहून दूर, भुसावळ पंचावन्न. वाघोडा, रावेर, निंभोरा, सावदा, दुसखेडा, की आले. सोयरिकी तिकडच्या, केळीचे भाव तिकडचे, दवाखान्यालाही माणूस तिकडेच धावतो. राज्याची सीमा मध्ये आली तरी रूळ तुटले नाहीत, हे आपले नशीब. पण करोनाच्या काळात पॅसेंजर बंद पडल्या, त्या परत आल्या तेव्हा किमान भाडे १० रुपयांचे ३० झाले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० वर आले. मधल्या काळात गरीब घरांनी माहेरी-सासरी जाणे किती कमी केले असेल, याचा हिशेब कुठल्या ताळेबंदात सापडत नाही. आमच्या सासूबाईंनी केले होते, एवढे ठाऊक आहे.

त्या रविवारी संध्याकाळी कुंडी भंडारा पाहायचा राहूनच गेला. स्टेशनच्या वाटेवर लालबागेतच तो आहे, पण गाडीची वेळ होत आली होती. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखाली झिरपणारे पाणी शंभराहून अधिक कुंड्या एकमेकींना जोडून गावापर्यंत आणायचे, पंप नाही, इंजीन नाही, नुसता उतार. १६१५ सालचे, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातले हे काम. मार्च २०२४ मध्ये ते युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. जगाच्या यादीत नाव लागले, पण भुसावळच्या पाहुण्याला सकाळी येऊन सगळे पाहून रात्री घरी पोचता येईल अशी सोय अजून लागलेली नाही. पाताळपाण्याला दहा किलोमीटरसाठी खास गाडी निघू शकते. आम्हाला खास गाडी नको. रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी भुसावळहून येणारी आणि सात-साडेसातला परत नेणारी, अशा दोन वेळा बांधून द्याव्यात, आणि स्टेशनबाहेरून कुंडी भंडारा, किल्ला, गुलारा अशी एक बस फिरवावी. गुलाऱ्याला बंधाऱ्याच्या निसरड्या कडेला पोरे फोटो काढीत उभी होती, तिथे एक कठडा आणि एक माणूस हवा. एवढ्या मागण्यांचे निवेदन मंडळाने तयार करावे. सह्या गोळा करायला आम्ही आमच्या मोहल्ल्यात फिरू.

पण निवेदन दिले की जबाबदारी संपली, ही आपली जुनी खोड आहे. दर्गाह-ए-हकीमीकडे पाहा. बोहरा समाज संख्येने केवढा? तरी देशोदेशीचे यात्रेकरू तिथे येतात, राहण्या-जेवण्याची व्यवस्था, बाग, स्वच्छता, सगळे त्यांनी स्वतः सांभाळले आहे. आपल्यात निवृत्त शिक्षक किती आहेत! त्यांतल्या पाचांनी रविवारची दोन-दोन तास दिली, कॉलेजातली दहा मुले त्यांच्या हाताखाली तयार झाली, तर पाहुण्याला मराठीतून गाव दाखविणारा माणूस मिळेल आणि मुलांच्या खिशात चार पैसे पडतील. सोळा पानांची मराठी पुस्तिका काढायला किती खर्च येईल? गणपतीच्या मांडवावर आपण त्याहून जास्त उडवितो.

आता मूळ थकबाकीकडे येतो. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपल्या प्रांताची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी भोपाळ झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला. आमचे आजोबा म्हणायचे, “आपण जागचे हललो नाही, सरकारच उठून गेलं.” आम्ही ते उकरून काढीत नाही. या राज्याने आपल्याला नोकऱ्या दिल्या, शाळा दिल्या, १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूरला जिल्हा केले. राज्य बदलून मागण्याचा प्रश्नच नाही. पण त्याच १९५६ मध्ये घटनेत कलम ३५०-अ घालण्यात आले, ते आपल्यासारख्यांसाठीच. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असली तर मातृभाषेचा शिक्षक मिळावा, हे १९४९ पासूनचे धोरण आहे. ज्या भागात अशा लोकांची संख्या १५ ते २० टक्के असेल, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात आहे. म्हणजे सगळे आकड्यांवर आहे. आणि आकडा येतो जनगणनेतून.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रगणक आमच्या दारी आले. भले गृहस्थ होते, घाईत होते. सगळे रकाने भरून झाल्यावर म्हणाले, “मातृभाषा हिंदी ना?” आम्ही मान हलविली. कशासाठी? उगाच वाद नको, एवढ्यासाठी. घरात आई मराठीत हाका मारीत होती, देवघरात मराठीत आरती चालू होती आणि कागदावर सहा माणसे हिंदी झाली. त्यांनी फसविले नाही, आम्हीच लिहून दिले. असे किती घरांनी केले असेल? मग मराठी शाळेचे वर्ग ओस पडले, शिक्षक मिळेना, पाटीवर ओळ नाही, म्हणून ओरड करण्याचा आम्हाला कितपत अधिकार आहे?

बँकेच्या खिडकीत हेच रोज दिसते. आजोबांच्या जुन्या पासबुकावर ‘काळे’, मुलाच्या आधारवर ‘काले’, नातवाच्या मार्कशीटवर इंग्रजी आणि नातवाला दोन्ही सारखेच. नाव जुळत नाही म्हणून केवायसी अडते, मग प्रतिज्ञापत्र, मग चकरा. एक ‘ळ’ काय तो! पण घरातून अक्षर गेले की आडनाव बदलते, आडनाव बदलले की माणूस आपल्याच आजोबांचा वारस आहे हे शंभर रुपयांच्या कागदावर लिहून द्यायची पाळी येते.

आता पुन्हा जनगणना आहे. लोकसंख्या मोजणीचा मुख्य टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरला आहे. या वेळी मोबाईलवर नोंद होणार आणि आपली माहिती आपण स्वतः भरण्याचीही सोय ठेवली आहे. २०११ च्या अर्जात मातृभाषेचा रकाना वेगळा होता आणि येणाऱ्या आणखी दोन भाषांचा वेगळा. म्हणजे मराठी लिहिल्याने हिंदी पुसली जात नाही. ती दुसऱ्या रकान्यात मानाने बसते. शेजाऱ्यांशी आपले सलोख्याचे नाते आहे ते हिंदीतूनच आहे आणि तसेच राहील. कुणाविरुद्ध काही लिहायचे नाही. जे आहे तेवढेच खरे लिहायचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपणही पेढे वाटले. पेढे वाटायला बंदी नाही, पण दर्जा दिल्लीने दिला तरी बोलणारा घरातूनच मोजला जातो.

म्हणून मंडळाने जानेवारी २०२७ मध्ये प्रत्येक मोहल्ल्यात घरोघर जाऊन एवढी एक गोष्ट सांगावी. पत्रक वाटून भागणार नाही, ओट्यावर बसून सांगावे. ज्यांच्या घरी सुना हिंदी माहेरच्या आहेत, तिथे त्यांची मातृभाषा हिंदीच लिहावी, तेही खरेच आहे. खोटा आकडा फुगवून मिळालेला हक्क टिकत नाही, हे आम्ही कारकून सांगतो. आपला खरा आकडा पुरेसा असेल, असा आम्हाला भरवसा वाटतो. कमी निघाला तर निदान तो आपल्या आळसामुळे कमी निघू नये.

स्टेशनवर गाडी आली. सासूबाईंना खिडकीजवळ बसविले. भाचा खिडकीतून ओरडला, “ताई, पुढच्या वेळी कुंडी भंडारा! पण तू सांगायचं हां सगळं!” आमची मुलगी “हो रे” म्हणाली. घरी येताना रिक्षात तिने विचारले, “बाबा, गुलाऱ्याचा बंधारा नक्की कुणी बांधला? नीट सांगा ना.” प्रश्न मराठीत होता. आम्हाला जेवढे माहीत होते तेवढे सांगितले, ते फार नव्हते. दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना वाचनालयात गेलो आणि दोन पुस्तके घेऊन आलो. एक ती वाचते आहे, एक आम्ही.

पुढच्या श्रावणात ज्यांच्याकडे पाहुणे येतील त्यांनी हे आधीच करून ठेवावे. आणि फेब्रुवारीत दारावर प्रगणक आले तर त्यांना बसवावे, चहा द्यावा, आणि ते विचारण्याआधीच सांगावे, मातृभाषा मराठी.